तारेपासून त्वचेपर्यंत : ताण मोजणाऱ्या संवेदकांचा इतिहास

किराणा मालाच्या दुकानात आता तागडीची जागा इलेक्ट्रॉनिक काट्याने घेतली आहे. या काट्याच्या पोटात ना स्प्रिंग असते, ना तराजूची दांडी. तिथे असतो ॲल्युमिनियमचा एक ठोकळा आणि त्यावर चिकटवलेल्या, नखाएवढ्या चार पातळ पट्ट्या. काट्यावर साखर ठेवली की ठोकळा किंचित वाकतो, इतका किंचित की डोळ्यांना मुळीच कळत नाही. ठोकळ्याबरोबर पट्ट्याही ताणल्या किंवा दाबल्या जातात, त्यांचा विद्युत रोध बदलतो आणि त्या बदलावरून वजनाचा आकडा उमटतो. या पट्टीला स्ट्रेन गेज म्हणतात.

आज शरीरावर चिकटवता येतील असे लवचीक, ताणले जाणारे संवेदक तयार होत आहेत. ते म्हणजे याच पट्टीचे वंशज. या घराण्याचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हापुन्हा लक्षात येते. ज्या गुणधर्मावर हे सारे उभे आहे, तो १८५६ सालीच ठाऊक झाला होता. तरीही त्यापासून उपकरण बनायला ऐंशी वर्षे लागली आणि ते उपकरण माणसाच्या त्वचेवर सुखाने बसायला आणखी सत्तर वर्षे गेली. अडचण गुणधर्माची नव्हती, जोडणीची होती. मोजायची वस्तू आणि मोजणारी तार यांचा सांधा कसा जुळवायचा, या एका प्रश्नाभोवती हा इतिहास फिरतो.

केल्विनचा प्रयोग

विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, ग्लासगो येथे प्राध्यापक होते. समुद्राखालून तारायंत्राच्या तारा टाकण्याचे प्रयत्न तेव्हा चालू होते आणि धातूंच्या विद्युत गुणधर्मांत त्यांना विशेष रस होता. १८५६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दिलेल्या बेकेरियन व्याख्यानात त्यांनी आपले प्रयोग सांगितले. तांब्याची व लोखंडाची तार वजन लावून ताणली असता दोन्ही तारांचा रोध वाढतो, असे त्यांना आढळले. बदल अगदी सूक्ष्म होता. तो पकडण्यासाठी त्यांनी व्हीटस्टनचा सेतू वापरला.

रोध का वाढतो, याचे अर्धे उत्तर दहावीच्या विद्यार्थ्यालाही देता येईल. तारेचा रोध तिच्या लांबीच्या सम प्रमाणात आणि काटछेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. तार ताणली की ती लांब होते आणि बारीकही होते. दोन्ही कारणांनी रोध वाढतो. पण मग तांबे आणि लोखंड सारखेच ताणले असता त्यांच्या रोधात जवळजवळ सारखीच वाढ व्हायला हवी. थॉमसनना लोखंडात ती अधिक दिसली. म्हणजे तारेचा केवळ आकार बदलत नाही, तर धातूची विद्युत वाहून नेण्याची क्षमताही ताणामुळे बदलते. हे उत्तराचे उरलेले अर्ध होय.

थॉमसन यांनी यातून ताण मोजण्याचे यंत्र काढले नाही. पुढे कित्येक वर्षे प्रयोगशाळांत हा गुणधर्म उपद्रव म्हणूनच ओळखला गेला. १८८७ साली ह्यू कॅलेंडर यांनी प्लॅटिनमच्या तारेचा अचूक तापमापक सिद्ध केला. त्यात तारेवर ताण येऊ नये म्हणून ती अभ्रकाच्या चौकटीवर सैल गुंडाळण्याची काळजी घ्यावी लागे. तापमान मोजणाऱ्याला ताण नकोसा असतो, तर ताण मोजणाऱ्याला तापमानातला बदल. एकाचे मापन ती दुसऱ्याची चूक, हा धडा मापनशास्त्रात जागोजागी भेटतो आणि विद्यार्थ्यांना तो मुद्दाम दाखवण्याजोगा आहे.

चिकटवण्याची युक्ती

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूल, धरणे, विमाने यांच्या भागांवर किती ताण येतो हे मोजण्याची गरज वाढली. त्यासाठी तरफा व आरसे असलेली यांत्रिक उपकरणे होती. ती जड असत. वेगाने थरथरणाऱ्या वस्तूवर त्यांचा काही उपयोग होत नसे, आणि वस्तू लहान असेल तर उपकरणाच्या भारानेच तिचे वागणे बदलून जाई.

१९३६ च्या सुमारास कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एडवर्ड सिमन्स यांनी आघाताने धातूवर येणारा ताण मोजण्यासाठी बारीक तार थेट धातूच्या पृष्ठभागावर चिकटवण्याची कल्पना मांडली. १९३८ साली अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये, आर्थर रूज यांना तीच गोष्ट स्वतंत्रपणे सुचली. भूकंपात उंच टाक्यांचे काय होते याचा अभ्यास ते पातळ पत्र्याच्या टाकीच्या प्रतिकृतीवर करत होते. कोणतेही उपलब्ध उपकरण त्या पत्र्याला जड होत होते. त्यांनी पातळ कागदावर बारीक तार बसवली आणि तो कागद पत्र्याला चिकटवला.

यात एवढे विशेष काय, असे वाटेल. विशेष हे की तार फक्त दोन टोकांना न बांधता तिच्या पूर्ण लांबीभर चिकटवलेली होती. नुसती ताणून बांधलेली तार वस्तू आकसली की सैल पडते. पूर्ण लांबीभर चिकटलेली तार मात्र वस्तूबरोबर ताणलीही जाते आणि दाबलीही जाते. शिवाय तार इतकी बारीक की तिला ओढायला नगण्य बल पुरते. तिच्या काटछेदाच्या मानाने तिचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे गोंदाचा पातळ थर तिला घट्ट धरून ठेवतो. मधला कागद विद्युतरोधक म्हणून काम करतो. केल्विनच्या गुणधर्मात जी उणीव होती ती या गोंदाने भरून काढली.

आता आकड्यांकडे पाहू. स्ट्रेन गेजचा रोध बहुधा १२० ओहम ठेवतात. पोलादाचा तुळईसारखा भाग नेहमीच्या भाराखाली फार तर हजारात एक भाग, म्हणजे ०.१ टक्का लांबतो. गेजचा रोध त्याच्या सुमारे दुप्पट, म्हणजे ०.२ टक्के वाढतो. १२० ओहमचे झाले १२०.२४ ओहम. या पाव ओहमसाठी सारा खटाटोप. तापमान थोडे बदलले तर साध्या तांब्याच्या तारेत याहून मोठा फरक पडेल. म्हणून तापमानाने फारसा न बदलणारा, तांबे व निकेल यांचा कॉन्स्टंटन हा मिश्रधातू वापरतात आणि चार गेज व्हीटस्टनच्या सेतूत अशा रीतीने जोडतात की तापमानाचा परिणाम परस्पर रद्द व्हावा. किराणा दुकानाच्या काट्यात चार पट्ट्या असतात त्या यासाठी.

रूज यांनी हा शोध आपल्या संस्थेच्या पेटंट समितीपुढे ठेवला. त्याला व्यापारी दृष्ट्या फार महत्त्व येईल असे समितीला वाटले नाही आणि तिने सर्व हक्क त्यांना देऊन टाकले. काही वर्षांतच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या चाचण्यांत असे गेज मोठ्या प्रमाणावर वापरले जाऊ लागले. बाजारात ते ‘एसआर-४’ या नावाने आले. त्यातली पहिली दोन अक्षरे सिमन्स आणि रूज यांची. १९५२ साली इंग्लंडमधील साँडर्स-रो या विमान कंपनीत पीटर जॅक्सन यांनी तारेऐवजी पातळ धातुपत्रावर कोरलेला गेज तयार केला. आज काट्यात दिसते ती पट्टी याच प्रकारची आहे.

१९५४ साली चार्ल्स स्मिथ यांनी बेल प्रयोगशाळेतील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सिलिकॉन आणि जर्मेनियम या अर्धवाहकांचा रोध ताणाने धातूंपेक्षा कितीतरी पटीने अधिक बदलतो, हे त्यांनी दाखवले. धातूत रोध ताणाच्या दुपटीने बदलतो, तर योग्य दिशेने कापलेल्या सिलिकॉनमध्ये शंभर पटीहूनही अधिक. पण सिलिकॉन काचेसारखा ठिसूळ. संवेदनक्षमता मिळाली, पण लवचीकता नाही.

पोलाद आणि पोटरी

आतापर्यंत मोजायची वस्तू कठीण होती. तिच्या जागी माणसाचे शरीर आले की सगळे आकडे उलटतात. पोलाद ०.१ टक्का लांबते, तर कोपरावरची किंवा गुडघ्यावरची त्वचा सहज ३० टक्के ताणली जाते. धातूची पट्टी त्वचेवर चिकटवली तर दोनच शक्यता उरतात. एक तर पट्टी तुटेल, नाही तर ती तेवढ्या जागेतल्या त्वचेला ताणूच देणार नाही. दुसरी शक्यता अधिक फसवी, कारण उपकरण आकडा देत राहते आणि तो खोटा असतो. रूज यांच्या टाकीच्या पत्र्याचाच हा प्रश्न पुन्हा नव्या रूपात आला.

याचे पहिले समाधानकारक उत्तर एका शरीरक्रियाशास्त्रज्ञाने दिले. आर. जे. व्हिटनी यांनी १९४९ साली आणि १९५३ मध्ये अधिक विस्ताराने एक उपकरण मांडले. रबराच्या अतिशय बारीक नळीत पारा भरायचा, दोन्ही टोकांना विद्युताग्रे बसवायची आणि ही नळी पोटरीभोवती किंवा हाताभोवती गुंडाळायची. दंडावर किंवा मांडीवर हवेचा पट्टा हलकासा फुगवला की शिरांतून परतणारे रक्त अडते, पण धमन्यांतून येणारे रक्त येतच राहते. अवयव किंचित फुगतो, नळी ताणली जाते, पाऱ्याचा रोध वाढतो. त्या वाढीच्या वेगावरून अवयवाला होणारा रक्तपुरवठा कळतो, तोही सुई न टोचता.

पारा द्रव आहे. तो ताणला तरी तुटत नाही, आणि त्याचे आकारमान बदलत नाही. म्हणून येथले गणित फार सुबक होते. लांबी १० टक्के वाढली, म्हणजे १.१ पट झाली, तर काटछेद १.१ पटीने कमी होतो आणि रोध १.१ चा वर्ग म्हणजे १.२१ पट होतो. लांबी दुप्पट तर रोध चौपट. आकारमान स्थिर असताना रोध लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे उदाहरण रोधाचा धडा शिकवताना फळ्यावर मांडण्यासारखे आहे.

दोष पाऱ्याच्या विषारीपणाचा होता. पाऱ्यावर नियंत्रण आणणाऱ्या मिनामाता करारावर २०१३ साली सह्या झाल्या, आणि अशा पारायुक्त गेजच्या निर्मितीला व व्यापाराला २०२५ ही शेवटची मुदत पुढे त्यात घालण्यात आली. दरम्यान पाऱ्याची जागा घेणारा द्रव धातू सापडला होता. गॅलियम २९.८ अंश सेल्सियसला वितळतो. त्यात सुमारे एक चतुर्थांश इंडियम मिसळले की मिश्रण १५.५ अंशालाच द्रव होते. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली रबरातील सूक्ष्म वाहिन्यांत हे मिश्रण भरून कृत्रिम त्वचेचा संवेदक बनवला. कल्पना व्हिटनी यांचीच, द्रव वेगळा.

पेटीचा भाता

दुसरा मार्ग आकाराचा होता. वाकणे आणि ताणणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे आधी लक्षात घ्यायला हवे. कागद वाकतो, पण ताणला जात नाही. म्हणून तो पेल्याभोवती नीट गुंडाळता येतो, पण चेंडूवर बसवताना त्याला सुरकुत्या पडतात.

वाकण्याचा प्रश्न त्या मानाने सोपा. पट्टी वाकवली असता तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावर येणारी विकृती ही पट्टीच्या जाडीला वक्रतात्रिज्येच्या दुपटीने भागले असता मिळते. अर्धा मिलिमीटर जाडीची सिलिकॉनची चकती ५ सेंटिमीटर त्रिज्येत वाकवली तर विकृती ०.५ टक्का होते, आणि सिलिकॉन तडकण्याच्या बेतात येतो. तोच सिलिकॉन पाच हजार पट पातळ केला तर विकृतीही पाच हजार पट कमी. ठिसूळ वस्तूदेखील पुरेशी पातळ केली की लवचीक होते. काच आणि काचेचा धागा यांतला फरक हाच आहे. तोक्यो विद्यापीठातील ताकाओ सोमेया यांच्या गटाने २००४ साली प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर सेंद्रिय ट्रान्झिस्टरांचे जाळे बसवून दाब ओळखणारी लवचीक कृत्रिम त्वचा दाखवली.

ताणण्याच्या प्रश्नाला मात्र केवळ पातळपणा पुरत नाही. येथे वाट दाखवली ती सुरकुत्यांनी. १९९८ साली हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तापवलेल्या सिलिकोन रबरावर सोन्याचा पातळ थर दिला. थंड होताना रबर आकसले आणि सोन्यावर आपोआप नियमित लाटा उमटल्या. २००३ साली प्रिन्स्टन विद्यापीठात स्टेफनी लाकूर, सिगर्ड वॅग्नर व सहकाऱ्यांना असे आढळले की रबरावरचा सोन्याचा पट्टा २० टक्क्यांहून अधिक ताणला तरी विद्युत वाहतो. एरवी सोन्याचा इतका पातळ पापुद्रा एक-दोन टक्क्यांतच फाटतो. २००६ साली इलिनॉय विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या गटाने हीच युक्ती सिलिकॉनवर केली. आधी ताणून धरलेल्या रबरावर सिलिकॉनच्या अतिपातळ फिती चिकटवायच्या आणि मग रबर सोडून द्यायचे. फितींना लाटा पडतात. पुन्हा ताणले की लाटा उलगडतात.

पेटीचा भाता पाहिला की हे पटकन समजते. भात्याचे कापड किंवा कातडे ताणले जात नाही, घड्या उलगडतात. सिलिकॉनचा प्रत्येक कण तितकाच कठीण राहतो, पण एकूण फीत रबरासारखी वागते. कठीण पदार्थ मऊ करण्याचा प्रयत्न सोडून त्याला घड्या घातल्या, येथे हा प्रश्न सुटला. २०११ साली याच गटाने त्वचेवर गोंदणासारखे बसणारे परिपथ प्रसिद्ध केले. ते इतके पातळ व मऊ होते की त्यांना गोंदाची गरजच उरली नाही. रेणूंमधील क्षीण आकर्षणबलांनीच ते त्वचेला धरून राहिले. रूज यांनी गोंदाने सोडवलेला प्रश्न आता गोंदाशिवाय सुटला होता.

विक्रमांचे आकडे

२०१० नंतर या क्षेत्रात संशोधनाला पूर आला. स्टॅनफर्डमधील झेनान बाओ यांच्या गटाने २०१० साली रबरात सूक्ष्म पिरॅमिड उठवून दाबाचा संवेदक केला. केवळ २० मिलिग्रॅम वजनाची माशी बसली तरी तो ओळखत असे. जपानमधील संशोधकांनी २०११ साली कार्बन नलिकांचा, २८० टक्के ताण सोसणारा संवेदक दाखवला. २०१४ साली जोनाथन कोलमन यांच्या सहकाऱ्यांनी दुकानात मिळणाऱ्या साध्या रबरबँडमध्ये ग्राफीन मुरवून शरीराची हालचाल टिपली. २०१६ साली त्यांच्या डब्लिन येथील गटाने खेळण्यातल्या लगद्यात ग्राफीन मिसळले, तेव्हा त्या संवेदकाला लहानशा कोळ्याची पावलेही जाणवली.

हे आकडे आनंद देणारे आहेत, पण शिक्षकांनी विद्यार्थ्यांना त्यांच्यापुढचा प्रश्न विचारायला शिकवावे. त्वचा ३० टक्केच ताणली जात असेल तर २८० टक्क्यांचा उपयोग काय? आणि ताण सोडल्यावर संवेदक पुन्हा शून्यावर येतो का? रबर येथे अडचणीत आणते. ताणताना आणि सोडताना त्याचा आलेख एकाच वाटेने जात नाही, आणि ताणून धरले तर ते हळूहळू सैलावते. कार्बनचे कण रबरात एकमेकांना टेकून विद्युतमार्ग बनवतात. प्रत्येक ताणानंतर ते नेमके जुन्या जागी परततील याची हमी नसते. घाम आणि तापमान यांचा परिणाम वेगळाच. केल्विनची तार कमी संवेदनक्षम होती, पण ती आज जो आकडा देई तोच उद्याही देई. नव्या संवेदकांना हा गुण अजून पुरतेपणी साधायचा आहे. प्रयोगशाळेत ज्यांचा इतका बोलबाला होतो, त्यांतले थोडेच रुग्णालयापर्यंत पोहोचतात, त्याचे हे एक मोठे कारण.

जिथे ते खरोखर हवे आहेत, अशी एक जागा म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अतिदक्षता विभाग. अशा बाळाची त्वचा इतकी नाजूक असते की विद्युताग्रांच्या चिकटपट्ट्या काढताना ती सोलली जाऊ शकते. अंगभर तारा असल्याने आईला बाळ छातीशी धरणेही अवघड होते, आणि बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवण्याची कांगारू पद्धत तर त्याच्या वाढीला उपकारक असते. रॉजर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली नागमोडी तांब्याच्या तारांचे दोन बिनतारी संवेदक अशा बाळांवर वापरून दाखवले. एक छातीवर, एक पायावर. हृदयाचे ठोके, श्वसन, तापमान आणि रक्तातील ऑक्सिजन हे सारे त्यांतून कळते. येथे २८० टक्के ताणाची गरज नाही. त्वचेला इजा न करता सुटणारा सांधा आणि विश्वास ठेवता येईल असा आकडा, या दोन गोष्टींची आहे.

वर्गात करून पाहा

या इतिहासातला मुख्य प्रयोग कोणत्याही शाळेत करता येतो. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात विद्यार्थ्यांनी असाच प्रयोग केला होता आणि त्यावरचा शोधनिबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. साध्या कागदावर ६बी पेन्सिलीने सुमारे ६ सेंटिमीटर लांब व अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टा गडद रंगवा. दोन्ही टोकांना मल्टिमीटरचे चिमटे लावून रोध नोंदवा. आता पट्टा बाहेरच्या बाजूला राहील असा कागद वाकवा. शिसाचे कण एकमेकांपासून दूर जातात आणि रोध वाढतो. पट्टा आतल्या बाजूला ठेवून वाकवला तर रोध कमी होतो. वेगवेगळ्या त्रिज्येच्या डब्यांभोवती कागद गुंडाळून नोंदी घ्या आणि आलेख काढा.

येथेच थांबू नका. एकाच डब्याभोवती कागद वीस वेळा वाकवून सरळ करा आणि प्रत्येक वेळी सरळ कागदाचा रोध लिहा. तो मूळ आकड्यावर परत येतो का, दर वेळी थोडा सरकतो का, की काही वेळांनंतर स्थिर होतो? एका गटाने हा प्रयोग कोरड्या दिवशी करावा, दुसऱ्याने पावसाळी दिवशी. दोन्ही आलेख शेजारी ठेवले म्हणजे ‘हा संवेदक चांगला आहे का’ या प्रश्नावर वर्गात खरी चर्चा सुरू होईल. संशोधकही आज याच प्रश्नावर काम करत आहेत, फक्त त्यांच्या कागदाच्या जागी त्वचा आहे.